दहा दिवसांचं सस्पेन्शन

मंडळी, आपल्या हॉस्टेलवर रात्री दोन वाजता कुणी एकटाच हातवारे करत, तोंडाने पुटपुटत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारताना दिसला, तर समजावं की एकतर त्याचा उद्या व्हायवा आहे किंवा तो रॅप म्हणतोय. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या मंडळींसाठी आहे. पहिल्या प्रकारच्यांनी व्हायवा उरकून वाचावा. आणि रॅप म्हणजे नुसता गोंगाट असं ज्या सरांना-मॅडमना वाटतं त्यांनी तर जरूर वाचावा, कारण यात गाण्याइतकीच एका शाळेची आणि लायब्ररीची गोष्ट आहे. मी स्वतः तिसऱ्या प्रकारातला. म्हणता येत नाही, पण ऐकतो भरपूर. आणि ऐकता ऐकता ‘हा शिकला कुठे, याला पैसे देतं कोण’ असल्या चौकशा करायची खोड आहे.

तर आपले नायक म्हणजे चान्सेलर बेनेट, स्टेजवरचं नाव ‘चान्स द रॅपर’. जन्म १६ एप्रिल १९९३, गाव अमेरिकेतलं शिकागो, वस्ती शहराच्या दक्षिण भागातली वेस्ट चॅटम. कुठल्याही म्युझिक कंपनीशी करार न करता तीन ग्रॅमी मिळवणारा माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. तो पब्लिक स्कूलमध्ये शिकला.

इथे आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की टाय, बूट, पिवळी बस आणि बाबांचा अर्धा पगार खाणारी फी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत अगदी उलटं. तिथे पब्लिक स्कूल म्हणजे सरळ सरकारी, फुकट शाळा. चान्स ज्या जोन्स कॉलेज प्रेपमध्ये होता तिच्या नावात कॉलेज असलं तरी ती नववी ते बारावीची सरकारी शाळाच. मात्र तिथे निवड होऊन जावं लागतं, साधारण आपल्या नवोदयसारखं. वडील शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांच्याकडे, आणि पुढे सिनेटर असताना बराक ओबामांकडे कामाला होते. म्हणजे ‘फुटपाथवरून थेट स्टेजवर’ अशी फिल्मी स्टोरी इथे नाही. ती हवी असेल तर दुसरा लेख शोधा.

२०११ साली, शाळेच्या शेवटच्या वर्षात, गांजाच्या प्रकरणात स्वारी सापडली आणि दहा दिवसांसाठी सस्पेन्ड झाली. आपल्यापैकी कुणी असता तर घरी ‘प्रिपरेशन लीव्ह आहे’ असं सांगून मोकळा झाला असता. यानं गाणी लिहायला घेतली. त्यातून जो संग्रह झाला त्याचं नावच ‘टेन डे’. तो बाहेर आला ३ एप्रिल २०१२ ला, म्हणजे दहा दिवसांत उडवलेला बार नव्हे, वर्षभराचं काम आहे. इंटरनेटवर ठेवला, किंमत शून्य.

आता खरी मजा. अठरा वर्षांच्या पोराकडे गाणं रेकॉर्ड करायला माइक, कॉम्प्युटर, आवाजबंद खोली आली कुठून? जोन्स शाळा आहे स्टेट स्ट्रीटवर. त्याच रस्त्यावर, चालत पाच-सात मिनिटांवर शहराची मुख्य सार्वजनिक लायब्ररी आहे, त्याच महापौर वॉशिंग्टन यांच्या नावाची. या लायब्ररीत २००९ साली फक्त शाळकरी पोरांसाठी ‘यूमीडिया’ नावाची जागा उघडली. पुस्तकं होतीच, पण सोबत लॅपटॉप, कॅमेरे, कीबोर्ड आणि एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ. फी नाही. लायब्ररी असून आवाज केलेला चालतो! आपल्या रीडिंग रूममध्ये पेनचं टोपण पडलं तरी वीस माना वळतात, त्यामुळे हे वाचून मला दोन मिनिटं विश्वास बसेना.

या जागेच्या मागे मिझुको इतो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं संशोधन आहे. मुलं कॉम्प्युटर, कॅमेरा वगैरे कशी शिकतात हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बघितलं. त्यांच्या मते याचे तीन प्रकार. माझ्या मराठीत सांगायचं तर टाइमपास, खुडबुड आणि नाद. आधी पोरगं नुसतं मित्रांबरोबर येऊन बसतं. मग ‘हे बटण दाबलं तर काय होतं’ करतं. मग कधीतरी त्याला नाद लागतो आणि ते घरी जायचं विसरतं. यूमीडियाची आखणी या तिन्हींना जागा मिळेल अशी केली. यातली मला सगळ्यात हुशारीची वाटते ती टाइमपासला दिलेली जागा. आपल्याकडे लॅबमध्ये शिरायचं तर थेट नादापासून सुरुवात करावी लागते: जर्नल पूर्ण आहे का, एप्रन आहे का, सरांची सही आहे का. नुसतं ‘बघायला आलोय’ म्हटलं की हाकलतात.

नुसत्या सामानाने मात्र काही होत नाही, हे वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली मशिनं बघणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. यूमीडियात माइक हॉकिन्स नावाचे एक कवी होते, पोरं त्यांना ‘ब्रदर माइक’ म्हणत. ते ‘लिरिसिस्ट लॉफ्ट’ नावाचा ओपन माइक चालवायचे. ओपन माइक म्हणजे कुणीही यावं, नाव नोंदवावं, नंबर आला की समोर उभं राहून आपलं जे काय असेल ते म्हणावं. बक्षीस नाही, परीक्षक नाहीत. पण पुन्हा उभं राहायचं तर नवीन काहीतरी लिहून न्यावंच लागतं, कारण समोर तीच पोरं बसलेली असतात आणि त्यांना जुनं चालत नाही. आपल्या सबमिशनसारखंच, फक्त इथे कॉपी मारता येत नाही. नोनेम, साबा, मिक जेन्किन्स ही पुढे नावारूपाला आलेली मंडळीही शिकागोच्या याच ओपन माइकच्या वर्तुळातली. एकाच शहरातून, एकाच सुमाराला इतके शब्दांचे पक्के गडी निघतात तेव्हा तो निव्वळ नशिबाचा भाग नसतो.

‘टेन डे’नंतर ३० एप्रिल २०१३ ला आलं ‘अ‍ॅसिड रॅप’, तेही फुकट. गंमत बघा, त्यानंतर तीनच आठवड्यांनी शिकागोच्या शिक्षण मंडळाने एका फटक्यात सुमारे ५० सरकारी शाळा बंद करायचा निर्णय घेतला. त्यातल्या बहुतेक शहराच्या दक्षिण आणि पश्चिम भागातल्या, कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या. याची आठवण ठेवा, पुढे लागेल.

आता पैशाचं गणित. म्युझिक कंपन्या चान्सच्या मागे लागल्या होत्या. तो का गेला नाही? कंपनी नव्या गायकाला सुरुवातीला मोठी रक्कम देते, तिला अ‍ॅडव्हान्स म्हणतात. आपल्या ऊसतोड कामगारांची पोरं या हॉस्टेलवर आहेत, त्यांना एका शब्दात कळेल: उचल. मुकादमाकडून उचल घेतली की सीझनभर कोयता त्याच्या हिशोबाने चालतो. इथेही तसंच. रेकॉर्डिंगचा खर्च, बहुतेक वेळा व्हिडिओचाही काही भाग, गायकाच्या वाट्यातून वळता होतो. उचल फिटेपर्यंत हातात रॉयल्टी नाही. आणि फिटली तरी मूळ रेकॉर्डिंगची, म्हणजे ‘मास्टर’ची मालकी बहुधा कंपनीकडेच राहते. (ऊस तोडणाऱ्याला निदान ऊस आपला नाही हे आधीपासून माहीत असतं.)

चान्सनं उलटा हिशोब मांडला. गाणी फुकट सोडायची, त्यामुळे ऐकणारे वाढतात. ऐकणारे वाढले की तिकीट काढून कार्यक्रमाला येतात, टी-शर्ट आणि टोप्या घेतात. त्याची ‘३’ आकड्याची टोपी तर त्याची खूणच झाली. शो आणि टोप्यांची मिळकत आपली, मास्टर आपलं, आणि कुठलं गाणं कधी सोडायचं हे सांगणारा साहेब नाही.

१३ मे २०१६ ला आलेलं ‘कलरिंग बुक’ हा या हिशोबाचा कळस. सीडी नाही, विक्री नाही, फक्त स्ट्रीमिंग. पहिल्या आठवड्यात ५ कोटी ७३ लाख वेळा गाणी ऐकली गेली. बिलबोर्डच्या तेव्हाच्या नियमाने १५०० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम, म्हणजे भागाकार केला तर साधारण ३८ हजार प्रती. कॅल्क्युलेटर काढू नका, मी काढून बघितलंय. एकही प्रत न विकता फक्त स्ट्रीमवर बिलबोर्डच्या मुख्य यादीत चढलेला हा पहिला अल्बम, क्रमांक आठवा. ग्रॅमीवाल्यांचा तोवर नियम होता की विक्रीला नसलेलं संगीत स्पर्धेत घ्यायचं नाही. जून २०१६ मध्ये त्यांनी तो बदलला आणि १२ फेब्रुवारी २०१७ ला चान्सला तीन ग्रॅमी मिळाले.

ऐकायला सुरुवात करायची तर याच अल्बमपासून करा. रॅप म्हटल्यावर जे धाडधाड वाजणं अपेक्षित असतं ते इथे फारसं नाही. चर्चमधलं समूहगान आहे, शाळकरी वयापासूनचा दोस्त निको सीगल याचं ट्रम्पेट आहे, आणि पहिल्याच गाण्यात शिकागो चिल्ड्रन्स क्वायर. ही मुलांची गायनसंस्था १९५६ पासून आहे आणि सरकारी शाळांमध्ये जाऊन मुलांना गायला शिकवते. चान्सचा आवाज म्हणाल तर घोगरा, मधेच चिरकणारा. पहिल्यांदा हसू येतं. माझा रूम पार्टनर तर ‘याला सर्दी झालीय का’ म्हणाला होता. आता तोच सकाळी बाथरूममध्ये ते गातो.

माझ्या मते मात्र गोष्टीतला सगळ्यात वजनदार भाग ग्रॅमीनंतरचा आहे. अमेरिकेत सरकारी शाळेचा मोठा खर्च त्या त्या भागातल्या घरपट्टीतून निघतो. बंगले महाग तिथे शाळा श्रीमंत, वस्ती गरीब तिथे शाळा गरीब. राज्य सरकारने भर घालून हे समतोल करायचं, आणि इलिनॉय राज्य त्यात मागेच होतं. शिकागोच्या शाळांसाठी २१.५ कोटी डॉलर देणारं एक विधेयक राज्यपाल ब्रूस राउनर यांनी डिसेंबर २०१६ मध्ये नाकारलं. २०१७ च्या फेब्रुवारीत शाळा प्रशासनाने सांगितलं की पैसे न आल्यास वर्ष तीन आठवडे आधीच गुंडाळावं लागेल. पावणेचार लाखांहून जास्त मुलांचा प्रश्न.

चान्स ३ मार्चला राज्यपालांना भेटला. बाहेर आला तो वैतागून, उत्तरं धड मिळाली नाहीत म्हणाला. ६ मार्चला आपल्या जुन्या भागातल्या वेस्टकॉट या सरकारी प्राथमिक शाळेत पत्रकार बोलावले आणि शिकागोच्या सरकारी शाळांना १० लाख डॉलर जाहीर केले, तेव्हाच्या भावाने साडेसहा कोटी रुपयांच्या पुढे. कारण मुलांचे कलेचे तास. पैसे कमी पडले की कुऱ्हाड आधी तिथेच पडते. इतरांनी दिलेल्या दर १ लाख डॉलरमागे एखाद्या शाळेला आणखी १० हजार देईन, असंही कबूल केलं. महिनाअखेर शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाने आणखी १० लाख घातले आणि आकडा २२ लाखांवर गेला.

आता कुणी आकडेबहाद्दर म्हणेल, शिकागोच्या शाळांचं वर्षाचं बजेट पाच अब्ज डॉलरच्या वर, त्यात दहा लाख म्हणजे समुद्रात तांब्या. बरोबरच आहे. शाळांचं ते वर्ष शेवटी पूर्ण झालं ते कर्ज काढून. पण महिनाभर त्या शहरात घरपट्टी, पेन्शन, शाळांच्या अनुदानाचं सूत्र असल्या रूक्ष विषयांवर पोरंटोरं बोलत होती. त्याच ऑगस्टमध्ये राज्याने अनुदानाचं सूत्र बदललं. ते चान्समुळे बदललं असं मी म्हणणार नाही, त्यासाठी अनेक लोक अनेक वर्षं भांडत होते. भांडणाऱ्यांत एक रॅपर होता इतकंच.

‘स्वतंत्र’ या शब्दावरही थोडी घासाघीस करायला हवी. ‘कलरिंग बुक’ पहिले दोन आठवडे फक्त अ‍ॅपलकडे होतं आणि त्यासाठी अ‍ॅपलने ५ लाख डॉलर मोजले होते, हे त्यानं स्वतःच २०१७ मध्ये सांगितलं. फुकट गाण्यांचीही किंमत नंतर मोजावी लागते. ‘अ‍ॅसिड रॅप’ जून २०१९ मध्ये रीतसर स्ट्रीमिंगवर आलं तेव्हा त्यातलं ‘ज्यूस’ हे लोकप्रिय गाणं गायब होतं, कारण त्यात वापरलेल्या जुन्या गाण्याच्या तुकड्याची परवानगी मिळाली नव्हती. त्या जागी त्यानं अर्ध्या मिनिटाचा निरोप टाकला आणि त्याची मिळकत आपल्या ‘सोशलवर्क्स’ या संस्थेला लावली. त्याच वर्षी आलेल्या ‘द बिग डे’ला समीक्षकांनी आणि चाहत्यांनी बरंच झोडपलं. मलाही तो लांबलचकच वाटतो. पुढचा अल्बम ‘स्टार लाइन’ यायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला.

ब्रदर माइक डिसेंबर २०१४ मध्ये गेले. दोनच महिन्यांनी, २०१५ च्या सुरुवातीला, चान्सनं शाळकरी मुलांसाठी दर महिन्याचा ओपन माइक सुरू केला. नाव ठेवलं ‘ओपन माइक’, पण इंग्रजीत स्पेलिंग गुरुजींच्या नावाचं. जागा तीच स्टेट स्ट्रीटवरची लायब्ररी. प्रवेश फुकट.