आभासी जगांची बखर (भाग ११) : शुक्रवारचा रतीब

‘स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक’ हा खेळ २१ ऑक्टोबर २००८ रोजी जाहीर झाला आणि २० डिसेंबर २०११ रोजी बाजारात आला. मधली तीन वर्षे दोन महिने त्याच्यावरून जेवढे वाद रंगले, तेवढे तो खेळता येऊ लागल्यावरही रंगले नसतील. खेळ हाती नसतानाच त्याची कड घेणारे आणि त्याला मोडीत काढणारे असे तट पडले, खेळात एकत्र उतरण्यासाठी संघ बांधले गेले, कोणत्या संघाचे कोणाशी वैर असेल हेही ठरून गेले. हजारो खेळाडू आंतरजालावरून एकाच जगात वावरतात अशा भूमिका-खेळांना एमएमओ म्हणतात. त्यांच्या इतिहासात वाट पाहण्याचा काळ हे एक वेगळेच प्रकरण आहे, आणि ते समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मिळणे अवघड.

साधा व्हिडिओ गेम विकत घेतला, संपवला, कपाटात गेला. त्या काळच्या बहुतेक एमएमओंचे तसे नसे. दरमहा वर्गणी भरायची, वर्षानुवर्षे एकच पात्र वाढवायचे आणि हे सगळे एकट्याने नव्हे, तर वीस-पंचवीस जणांच्या गोतावळ्यासह करायचे. त्यामुळे नवा एमएमओ निवडणे म्हणजे बिऱ्हाड हलवण्यासारखेच. नव्या घराच्या भिंती उभ्या राहण्याआधीच लोक पाण्याची, शेजाऱ्यांची, उजेडाची चौकशी करतात. तशीच ही चौकशी होती. फक्त प्रत्येक जण आपल्या जुन्या घराच्या हिशेबाने प्रश्न विचारत होता. ‘ओल्ड रिपब्लिक’कडे डोळे लावून बसलेल्यांची अशी तीन जुनी घरे होती.

पहिले घर ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’. कॅनडातील एडमंटन शहरात रे मुझायका आणि ग्रेग झेशुक हे दोन डॉक्टर १९९५ मध्ये बायोवेअर ही कंपनी काढण्यात पुढे होते. तिने २००३ मध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांच्या काळापासून सुमारे चार हजार वर्षे मागे जाऊन हा एकट्याने खेळायचा खेळ रचला. त्यातल्या नायकाची स्मृती पुसलेली असते, आणि उलगडत उलगडत कळते की ज्या रेव्हन नावाच्या खलनायकाची दहशत सगळीकडे ऐकू येते, तो आपणच. २००४ च्या डिसेंबरात ऑब्सिडियन या दुसऱ्या कंपनीने केलेला दुसरा भाग घाईघाईत बाहेर पडला, त्याचा शेवट अर्धामुर्धाच राहिला, आणि तिसरा भाग कधी आलाच नाही. या चाहत्यांना तिसरा भाग हवा होता. मिळत होता एमएमओ. यात एकाऐवजी कित्येक पुढच्या भागांइतकी कथा भरली आहे, असे ‘ओल्ड रिपब्लिक’ही बनवणाऱ्या बायोवेअरने सांगून पाहिले. पण ज्याला एकांतात ऐकायची गोष्ट हवी असते, त्याला ती भर बाजारात ऐकायला बोलावले तर तो बिचकणारच.

दुसरे घर ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’चे, आणि तेथून आलेली माणसे सर्वांत दुखावलेली. जून २००३ मध्ये सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने आणलेल्या या खेळाचा मुख्य रचनाकार होता राफ कॉस्टर. त्याच्या जगात सगळ्यांनी शूरवीर व्हावे अशी अपेक्षाच नव्हती. कोणी खाणीतून धातू काढी, कोणी त्याच धातूची प्रत पारखून बंदुका घडवी, कोणी शिंपी, कोणी वैद्य. लढाईहून परतलेला खेळाडू गावातल्या मद्यालयात जाऊन बसे, कारण थकलेल्या मनाला उतार पडायचा तो तेथे नाचणाऱ्या किंवा वाद्य वाजवणाऱ्या दुसऱ्या खऱ्या खेळाडूमुळेच. दोन अनोळखी माणसे दहा-पंधरा मिनिटे एका खोलीत असत. एक नाचतो आहे, दुसरा बरा होतो आहे, आणि मग आपसूक गप्पा सुरू होत. घरे, दुकाने, अख्खी गावे खेळाडूंनी वसवलेली. जेडाय, म्हणजे प्रकाशतलवार चालवणारा योद्धा, होणे इतके दुर्मीळ की पहिला जेडाय उगवायला काही महिने लागले. मग नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने एका फटक्यात हे सारे पालटले. तीसहून अधिक व्यवसायांचे नऊ केले आणि जेडाय पहिल्याच दिवशी निवडता येईल असा करून टाकला. काहीच दिवस आधी विकलेल्या पुरवणी खेळाचे पैसे परत करण्याची वेळ आली. वैद्य आणि शिंपी रातोरात बेकार झाले, अनेकांनी खेळ सोडला, आणि ही मंडळी नव्या खेळाकडे ताक फुंकून पिणाऱ्याच्या नजरेने पाहू लागली.

तिसऱ्या घराची ओळख मागच्या भागांत झालीच आहे. ब्लिझार्डच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे वर्गणीदार ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर पोहोचले होते. या खेळाडूंना हवे होते तेच, पण नव्या वेष्टनात. त्यांचे प्रश्न सरळ व्यवहारी असत : मोठ्या मोहिमेत किती जण लागतील, दुसऱ्या पक्षाच्या खेळाडूंशी लढाया कशा होतील, शेवटची पातळी गाठल्यावर करायचे काय.

या तिन्ही घरांना बायोवेअरने एकाच पद्धतीने झुलवत ठेवले. दर शुक्रवारी काहीतरी नवे : एखाद्या ग्रहाची माहिती, एखाद्या क्लासची (म्हणजे निवडता येणाऱ्या पात्रप्रकाराची) चित्रफीत, चित्रकथेचे एक पान, इतिहास सांगणाऱ्या जेडायचे निवेदन. गवळ्याने रतीब घालावा तसे. कधी दूध घट्ट असे, कधी पाणीच जास्त, पण शुक्रवारी भांडे घेऊन बसायची सवय मात्र लागली. आणि जे सांगितले त्यापेक्षा जे सांगितले नाही त्यावर आठवडाभर कीस पाडला जाई. आठ क्लासपैकी अजून न उघड केलेला कोणता असेल, चित्राच्या कोपऱ्यात दिसणारी बंदूक कोणाची, यावर लिहिले गेलेले तर्क एकत्र केले तर एक जाडजूड ग्रंथ होईल.

या रतिबाखेरीज सणासुदीचे पक्वान्न म्हणजे लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात दाखवलेले लघुपट. ब्लर स्टुडिओने केलेला पहिला लघुपट २००९ च्या जूनमध्ये आला. जेडायांचे वैरी असलेल्या सिथांचा सरदार डार्थ मॅलगस जेडाय मंदिराच्या दारातून संथपणे आत चालत येतो, पहारेकरी वाट अडवतात, आणि पाठोपाठ एक जहाज भिंत फोडून थेट दालनात घुसते. चार-पाच मिनिटांचे हे चित्रण पाहून कित्येकांनी पैसे बाजूला काढून ठेवले असतील. मात्र त्यात प्रत्यक्ष खेळातले एकही दृश्य नव्हते. खेळातली पात्रे जाड रेषांची, किंचित व्यंगचित्रासारखी होती आणि ती दिसल्यावर ‘हे काय, कार्टून?’ असा ओरडा झाला. जुन्या संगणकांवरही चालावा आणि दहा वर्षांनी ओशाळवाणा दिसू नये म्हणून अशी शैली घेतली जाते. हे कारण पटण्याजोगे होते. पण मेजवानीचे चित्र दाखवून पिठले-भाकरी वाढली की पिठले कितीही चांगले असो, तोंड वाकडे होतेच.

खरा वाद पेटला तो गोष्टीवरून. एमएमओ आजवर लढाई, भटकंती आणि पात्राची वाढ या तीन खांबांवर उभे होते, त्याला कथेचा चौथा खांब आम्ही देतो, असे बायोवेअरचे म्हणणे. आठही क्लासना स्वतंत्र कथा, आणि प्रत्येक पात्राला, खेळाडूच्या स्वतःच्या पात्रालासुद्धा, ध्वनिमुद्रित आवाज. संवादांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. टीकाकार विचारत : संवाद ऐकत उभे राहायचे तर सोबतचे तिघे काय करणार? यावर शोधलेला तोडगा मात्र हुशारीचा होता. ‘ब्लॅक टॅलन’ जहाजावरच्या मोहिमेचेच उदाहरण घेऊ. कप्तान आज्ञा पाळायला नकार देतो. त्याला मारायचे की जिवंत ठेवायचे? चौघे आपापले उत्तर निवडतात, यंत्र प्रत्येकाच्या नावे एक आकडा काढते, ज्याचा आकडा मोठा त्याचेच पात्र बोलते. कोणाच्या तरी हट्टापायी कप्तान मरतो, बाकीचे कपाळाला हात लावतात. पण पापपुण्याच्या खात्यावर ज्याने जे निवडले तेच जमा होते.

याहून मोठ्या आक्षेपाकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिले नाही. गोष्ट लिहायला, बोलवून घ्यायला, चित्रित करायला वर्षे लागतात. खेळाडू ती काही आठवड्यांत संपवतो. मद्यालयात गप्पा मारणारी माणसे स्वतःच रोज नवी करमणूक तयार करतात, त्यांना कोणी पटकथा लिहून द्यावी लागत नाही. ‘गॅलॅक्सीज’ची मंडळी हेच ओरडून सांगत होती, पण त्यांच्या सुरात रडगाणे इतके होते की त्यातला हिशेब कोणी वेगळा काढलाच नाही.

जेडायचा प्रश्नही त्यांचाच. आठपैकी चार क्लास प्रकाशतलवार चालवणारे. जिकडेतिकडे जेडायच दिसू लागले तर जेडाय असण्याचे अप्रूप ते काय उरणार? उलट बाजूचे उत्तर होते की ‘स्टार वॉर्स’च्या खेळात पैसे मोजून आलेल्याला तलवार मागायचा हक्क आहे. दोन्ही म्हणणी रास्त असल्याने हा वाद कधी मिटला नाही. अंतराळयुद्धाचे तसे नव्हते. ‘गॅलॅक्सीज’मध्ये २००४ पासून जहाज हवे तसे उडवता येई. येथे जहाज आखून दिलेल्या मार्गानेच जाणार, खेळाडूने फक्त नेम धरायचा, असे २०१० मध्ये कळले तेव्हा खेळाचे कट्टर पाठीराखेही गप्प झाले.

रेव्हनचे प्रकरण नाजूक. मूळ खेळात रेव्हन स्त्री की पुरुष, सज्जन की दुर्जन, हे खेळाडू ठरवी. नव्या खेळाला मात्र एकच ठाम इतिहास लागणार होता, म्हणून रेव्हन पुरुष आणि सज्जन अशी अधिकृत नोंद राहिली. नोव्हेंबर २०११ मध्ये मूळ खेळाचा प्रमुख लेखक ड्र्यू कार्पिशिन याची ‘रेव्हन’ ही कादंबरी आली आणि पुढची हकिकतही पक्की झाली. ज्यांनी आठ वर्षे आपली रेव्हन मनात जपली होती, त्यांची रेव्हन कधी झालीच नव्हती असे ठरले. समलिंगी पात्रांच्या प्रेमसंबंधांची मागणीही याच काळातली. २००९ मध्ये कंपनीने तिच्यावरची चर्चाच बंद पाडली होती, त्यावरून गदारोळ झाला, आणि खेळ आल्यानंतर ही सोय करू असे आश्वासन २०११ च्या सप्टेंबरात मिळाले.

वाद घालून भागत नव्हते म्हणून की काय, मार्च २०११ मध्ये कंपनीने खेळाआधीच संघनोंदणी सुरू केली. चार जण जमले की गिल्ड. पुढच्या टप्प्यात गिल्डने आपले मित्र-संघ आणि शत्रू-संघ नोंदवायचे, म्हणजे त्यांना एकाच सर्व्हरवर टाकता येईल. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण इतकी शब्दशः क्वचितच खरी ठरली असेल : रणांगण तयार नव्हते, पण शत्रूची नावे अर्जात भरून झाली होती. त्यामागचा व्यापारी हेतू मात्र पक्का होता. जो गिल्डसह नोंदला गेला तो एकटा मागे फिरत नाही.

शेवटच्या महिन्यांत वादाचा रोख खेळाकडून तारखांकडे वळला. आगाऊ नोंदणी २१ जुलै २०११ रोजी उघडली. मॅलगसची मूर्ती असलेली खास आवृत्ती १५० डॉलरला होती. सप्टेंबरात अमेरिकेसाठी २० आणि युरोपसाठी २२ डिसेंबर या तारखा जाहीर झाल्या, मग युरोपची तारीख २० वर आणली. ऑस्ट्रेलियाचे नाव यादीत नव्हते, तेथल्या खेळाडूंना मार्च २०१२ पर्यंत थांबावे लागले. चाचणीत भाग घेतलेल्यांवरची गुप्ततेची अट नोव्हेंबरात उठली, तेव्हा तीन वर्षांच्या तर्कांना पहिल्यांदाच साक्षीदार मिळाले. आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना १३ डिसेंबरपासून तुकड्या-तुकड्यांनी आत घेतले गेले, ज्याने आधी संकेतांक भरला तो आधी. तीन वर्षे थांबलेल्या माणसांना शेवटचे काही दिवस मात्र सोसले नाहीत. ईमेल आली की नाही याच्या चौकशा आणि शिव्याशाप यांनी तो आठवडा गेला. त्याच आठवड्यात, १५ डिसेंबरला, ‘गॅलॅक्सीज’चे सर्व्हर कायमचे बंद झाले. शेवटच्या रात्री जुने रहिवासी आपापल्या गावांत जमले होते.

पहिल्या तीन दिवसांत दहा लाख खेळाडूंची नोंद झाली, फेब्रुवारी २०१२ पर्यंत वर्गणीदार १७ लाखांवर गेले. मे महिन्यात ते १३ लाख झाले आणि जुलैअखेर दहा लाखांच्या खाली आले. गोष्ट संपली होती. ओस पडलेल्या सर्व्हरवरचे खेळाडू मोजक्या सर्व्हरवर हलवले गेले, नोंदवून ठेवलेले शत्रू-संघ शोधूनही सापडेनात. १५ नोव्हेंबर २०१२ पासून खेळ फुकटही खेळता येऊ लागला. मुझायका आणि झेशुक त्याआधीच सप्टेंबरात निवृत्ती जाहीर करून मोकळे झाले होते.

वाट पाहण्याच्या काळात मागितलेल्या गोष्टी मग एकेक करून आल्या. समलिंगी पात्रांशी सलगीचे पहिले संवाद २०१३ च्या पुरवणीत मकेब ग्रहावर आले, मोकळेपणी जहाज उडवून लढता येईल असे अंतराळयुद्ध त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आणि स्वतःचे घर सजवण्याची सोय २०१४ मध्ये. ऑक्टोबर २०१५ च्या ‘नाइट्स ऑफ द फॉलन एम्पायर’मध्ये एकट्यानेच खेळायची लांबलचक कथा होती. २००८ मध्ये तिसऱ्या भागाची वाट पाहत बसलेल्यांना हवा होता तसलाच काहीसा खेळ तो होता. तोवर त्यांच्यापैकी बरेच जण दुसरीकडे बिऱ्हाड मांडून बसले होते.