विक्री, वाटप, शिल्लक

पहाटे चारच्या सुमारास मामा कंदिलाची वात वर करून ओसरीवर बसत, मुंबईहून रेल्वेच्या पार्सलाने आलेल्या पत्रिकांच्या गठ्ठ्याची सुतळी न तोडता नखाने सोडवीत, ती बोटांभोवती गुंडाळून कोनाड्यात ठेवीत, आणि मग त्या दिवशीच्या बाजारासाठी लागणाऱ्या पत्रिका एकेक करून हाताखालून घालीत. १९५७ सालच्या हिवाळ्यात, वयाच्या चौदाव्या वर्षी, मी शिक्षणासाठी नगरला त्यांच्या घरी राहत होतो, आणि शाळेला सुटी असेल त्या बाजारच्या दिवशी दुसरी थैली खांद्याला लावून त्यांच्याबरोबर जात असे. मामा मिशनचे प्रचारक होते, आणि त्यांच्या थैलीत दोन प्रकारचा माल असे. शुभवर्तमानाच्या सुट्या चोपड्या विकावयाच्या आणि पत्रिका फुकट द्यावयाच्या, असा दंडक होता, व त्यामागे जुन्या प्रचारकांचा अनुभव होता: फुकट मिळालेले पुस्तक वाण्याच्या दुकानी रद्दीत जाते आणि त्याच्या पानांत हळद-जिऱ्याच्या पुड्या बांधल्या जातात, उलट ज्याने पदरचा आणा मोजला तो पुस्तक घरी नेतो, निदान त्याची पाने तरी उलटून पाहतो. त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे चालू झाले होते, आणि एका आण्याचे सहा नवे पैसे घ्यावेत की सव्वासहा, या प्रश्नावर बाजारातल्या प्रत्येक दुकानी जी हुज्जत चाले ती मामांच्या चोपड्यांवरही चाले. मामा सहा घेत आणि उरलेल्या पाव पैशाची गोष्ट कधी काढीत नसत.

पत्रिका चार पानांची, स्वस्त खरबरीत कागदावर छापलेली, मधून एकच घडी घातलेली असे. छापखान्यातून येताना कित्येकींची घडी तिरपी पडलेली असे. अशी पत्रिका मामा उलगडून, मांडीवर पाटी ठेवून, कडेला कड जुळवून अंगठ्याच्या नखाने पुन्हा दाबीत. हे काम इतके सावकाश चाले की मला त्याचा कंटाळा येई, आणि एकदा मी तसे बोलून दाखविलेही. "पाहुण्याला चुरगळलेलं ताट वाढतोस का?" एवढेच ते म्हणाले, आणि हातातली पत्रिका माझ्यापुढे सरकवून पाटी माझ्या मांडीवर ठेवली. तेव्हापासून शंभरांतल्या पन्नास घड्या मी घालू लागलो, आणि आजही टपालाने आलेले साधे निमंत्रण हाती पडले की माझा अंगठा आपोआप त्याच्या घडीवरून फिरतो.

घड्या घालताना दुसरेही एक काम होई, आणि ते मला पुष्कळ उशिरा कळले. गठ्ठ्यातील काही पत्रिका मामा वाचीत आणि थैलीत न घालता वेगळ्या ठेवीत. त्या पत्रिकांत शेजाऱ्याच्या देवाची निर्भर्त्सना असे, मूर्तीला दगड म्हटलेले असे, वारकऱ्याच्या श्रद्धेची हेटाळणी असे. हा प्रकार मिशनच्या इतिहासात नवा नव्हता. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले प्रचारक १८१३ साली मुंबईत उतरले, त्यांच्या छापखान्यातून १८१७ साली आठ पृष्ठांची पहिली मराठी पत्रिका बाहेर पडली, आणि त्यानंतर खंडनाचे जे पर्व सुरू झाले त्यात दोन्ही पक्षांचे पंडित हिरिरीने उतरले; मोरभट दांडेकरांनी १८३१ साली मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद घातला, आणि विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांना जाहीर वादात गाठले. त्या वादांनी मराठी गद्याला पुष्कळ दिले हे निर्विवाद आहे. मिशनच्या छापखान्यानेही दिले: गणपत कृष्णाजी आणि पुढे निर्णयसागराचे जावजी दादाजी हे दोघेही त्याच छापखान्याच्या परिसरात कसब शिकले, आणि त्यांतील पहिल्याने १८३१ साली हिंदू पंचांग छापून काढले. पण शेजाऱ्याच्या देवघरात पाय पुसणारा कागद शेजाऱ्याच्या हाती देणे हे मामांना पटत नसे, आणि मलाही ते कधी पटले नाही. त्या वेगळ्या काढलेल्या पत्रिकांचे ते काय करीत हे मी एकदा विचारले. "चुलीला," असे ते म्हणाले. आणि हिशेबाच्या वहीत त्या 'शिल्लक'मध्ये धरीत.

राहुरीच्या बाजाराला आम्ही मनमाडकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीने जात असू. बाजारात उभे कोठे राहावे याचा मामांचा हिशेब पक्का होता. देवळाच्या वाटेवर ते उभे राहत नसत, कारण तेथे जाणाऱ्याचे मन दुसरीकडे लागलेले असते आणि ते मध्येच अडविणे हा अपराध आहे असे ते मानीत. भाव ठरण्याआधी गुरांच्या बाजारात शिरत नसत. आणि मोंढ्याजवळच्या लिंबाखाली, जेथे माल विकून मोकळे झालेले शेतकरी पटका सोडून घाम पुशीत बसतात, तेथे ते सावलीच्या कडेला थैली टेकवीत. जेवणाऱ्याला पत्रिका द्यावयाची नाही. दोन्ही हात गुंतलेल्याला द्यावयाची नाही; हमालाने पोते उतरवून दम घेतला की मग. कडेवर मूल असलेल्या बाईच्या हाती तर मुळीच नाही, कारण ते मूल कागद तोंडात घालते, आणि बाईला तो नको म्हणणेही अवघड होते. कागद नेहमी उजव्या हाताने, शीर्षक घेणाऱ्याकडे करून, आणि घेणारा बसलेला असेल तर आपणही उकिडवे बसून द्यावयाचा. उभ्याने खाली केलेल्या हाताला भिकेचा वास येतो, असे मामा म्हणत.

या सर्व नियमांत एक नियम मला आज सर्वांत मोठा वाटतो. "वाचता येतं का?" असे ते कोणालाही विचारीत नसत. त्या काळी त्या लिंबाखालच्या बहुसंख्य माणसांना वाचता येत नव्हते, आणि हा प्रश्न चारचौघांत विचारणे म्हणजे एका वयस्क माणसाला त्याच्या गावकीसमोर खाली पाहावयास लावणे होय. मामा विचारीत, "घरी कोणी वाचणारं हाये का, दादा?" या प्रश्नाने त्या माणसाची मान ताठ होई. हाये की, धाकला चौथीत हाये. पुतण्या नगरला बोर्डिंगात हाये. सून माहेरी शिकलीय. मग तो कागद त्या चौथीतल्या धाकल्याच्या नावाने घेतला जाई, पटक्याच्या पदरात बांधला जाई, आणि रात्री ज्वारीच्या भाकरीनंतर दिव्यापाशी एक पोर अडखळत तो मोठ्याने वाचील, असे चित्र मामांच्या डोळ्यांसमोर उभे राही. प्रभूचे वचन एका लहान मुलाच्या तोंडून त्याच्या घरच्यांना ऐकू यावे, यापेक्षा अधिक काही त्यांना मागावयाचे नसे.

नाकारणारे अनेक. कोणी हात मागे घेई, कोणी कागद घेऊन तेथेच फाडी, कोणी खिजवी. एकदा एका शाळामास्तरांनी भर बाजारात त्यांना गाठले. शेजारच्या मध्य प्रदेशात नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली प्रसिद्ध झाला होता, मिशनऱ्यांच्या कामाविषयी त्यात कडक शब्द होते, आणि वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा खेड्यापर्यंत पोहोचली होती. "दुधाची भुकटी दाखवून धर्म विकता तुम्ही," असे गुरुजी म्हणाले. माणसे जमली. मामांनी थैली खांद्यावरून उतरवून त्यांच्यापुढे पालथी केली. चोपड्या, पत्रिका, एक भाकरीचे फडके आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या, एवढेच बाहेर पडले. "भुकटी वाटायची असते त्या दिवशी मी थैली घरी ठेवतो, गुरुजी," ते म्हणाले. "भुकेल्या माणसाला कागद नाकारता येत नाही, अन् ज्याला नाकारता येत नाही त्याला मी देत नाही." हे त्यांनी स्वतःच्या समर्थनासाठी म्हटले नव्हते, ते खरोखरच तसे वागत, आणि त्यापायी वरिष्ठांचा रोषही त्यांनी एकदा पत्करला होता. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकास आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क येत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. या दोहोंमधील सीमारेषा कोठे ओढावी यावर विद्वानांत आजही वाद आहे. मला ती रेषा प्रथम त्या लिंबाखाली, पालथ्या केलेल्या थैलीशेजारी दिसली, आणि ती मला पुरेशी स्पष्ट दिसली.

त्याच दिवशी, उन्हे कलल्यावर, एक विशी-बाविशीतला तरुण आमच्याकडे आला. अंगात धुतलेला पांढरा सदरा, खिशाला शाईचे पेन. मामांनी पत्रिका पुढे केली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, उभ्याउभ्या पहिले पान वाचले, आणि घडी जशी होती तशी घालून परत दिली. "जय भीम, बाबा," तो म्हणाला. "आमचा मार्ग ठरला. गेल्या वर्षी नागपूरला." १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेला तेव्हा वर्ष उलटले होते, बाबासाहेबांना जाऊनही वर्ष होत आले होते, आणि नगर जिल्ह्यातील वस्त्यांतून घरोघर देव्हारे उतरविले जात होते. मामांनी त्याला गाव विचारले, आजोबांचे नाव विचारले. आमच्या घराण्याने तीन पिढ्यांपूर्वी ज्या महारवाड्यातून उठून मंडळीत प्रवेश केला, त्याच वाड्यात या तरुणाचे आजोबा मागे राहिले होते. "तुझ्या आजोबाला अन् माझ्या आजोबाला एकाच विहिरीवरून हाकललं होतं, पोरा," मामा म्हणाले. त्या तरुणाने मान हलविली; मग खिशातून घडी घातलेला एक कागद काढून त्याने मामांच्या हाती दिला. त्यावर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा छापलेल्या होत्या.

मामांनी चष्मा चढविला आणि पहिलीपासून बाविसावीपर्यंत सर्व प्रतिज्ञा तेथेच वाचल्या. बाजार मोडत होता, भाज्यांच्या पाट्या उचलल्या जात होत्या, गाडीची वेळ होत होती, आणि तो तरुण ओठ मिटून, वाचन संपेपर्यंत समोर उभा राहिला. मी त्या दोघांकडे पाहत होतो. आजवर मी मामांना देताना पाहिले होते; घेताना पाहण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनीही उजवा हातच पुढे केला होता. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाच्या घडीवरून अंगठ्याचे नख फिरविले, तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, आणि तरुणाचा हात हातात घेऊन क्षणभर तसाच धरला. त्यांच्या मनात काय चालले असेल याचा तर्क आज मी करू शकतो. तो मुलगा आपल्या प्रभूचा व्हावा असे त्यांना मनापासून वाटत होते, त्यात लपविण्यासारखे काही नव्हते, आणि तो होणार नाही हेही त्यांना दिसत होते.

निघण्यापूर्वी आम्ही नेहमीप्रमाणे बाजारातून एक फेरी घातली. पायदळी गेलेल्या, शेणात पडलेल्या, चण्याच्या पुडीला लागून राहिलेल्या आपल्या पत्रिका मामा वाकून उचलीत, फडक्याने पुशीत आणि थैलीच्या वेगळ्या कप्प्यात घालीत. हे काम कोणी सांगितलेले नव्हते. दुसऱ्याच्या गावात आपला कचरा टाकून जाऊ नये, आणि ज्या कागदावर प्रभूचे नाव आहे तो तुडविला जाऊ नये, अशा दोन कारणांनी ते हे काम करीत, व त्यातले पहिले आधी सांगत. त्या दिवशी वीस-बावीस निघाल्या असतील.

परतीच्या गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी, बहुधा स्वतःच्याच समाधानासाठी, रेव्हरंड टिळकांची गोष्ट काढली, जी मी अनेकदा ऐकली होती. नारायण वामन टिळक राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे काव्यावर बोलणे झाले, त्या गृहस्थाने नवा करार त्यांच्या हाती दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो अनोळखी प्रवासी मात्र अनोळखीच राहिला. ही गोष्ट सांगताना इतर प्रचारक टिळकांविषयी बोलत. मामा नेहमी त्या प्रवाशाविषयी बोलत. पुस्तक देऊन तो आपल्या स्टेशनावर उतरून गेला, त्याच्या मनात त्या ब्राह्मण कवीविषयी पुढे काय आले असेल, त्याने रात्री त्याच्यासाठी प्रार्थना केली असेल की नाही, एवढ्यावरच त्यांचे बोलणे घुटमळत राही. मामांच्या पत्रिकेने किती जण मंडळीत आले, असे त्यांना पुष्कळांनी विचारले, मीही विचारले आहे. ते वहीचे मथळे दाखवीत.

ती वही त्या रात्री कंदिलाजवळ उघडली गेली. प्रत्येक पानावर छापलेले तीन रकाने होते: विक्री, वाटप, शिल्लक. पहिल्यात चार चोपड्या, दुसऱ्यात उचललेल्या वजा करून उरलेल्या पत्रिका, तिसऱ्यात बाकी. उचललेल्या पत्रिका वाटपात धरू नयेत असा कोणताही हुकूम नव्हता, तरी ते धरीत नसत. हिशेब जुळला, रुजवात झाली, आणि तरीही मामा टाक हातात धरून बसून राहिले. मग आतल्या खिशातून तो घडीचा कागद काढून त्यांनी वहीशेजारी ठेवला, तो कोठे लिहावा म्हणून तिन्ही रकान्यांवरून नजर फिरविली, आणि अखेर समासात, रेघेच्या बाहेर, बारीक अक्षरात लिहिले: आवक, १.