'स्पोलिएशन' : लुटीचा शब्द, पुराव्याचा नाश

इंग्रजी विधिभाषेतील 'स्पोलिएशन' या शब्दाचे मूळ 'लुबाडणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. पुढे त्यास 'पुराव्याचा हेतुपुरस्सर नाश' असा विशेष अर्थ प्राप्त झाला; येथे लुटला जातो तो प्रतिपक्षाचा न्याय. इंग्लंडमधील 'आर्मरी विरुद्ध डेलामिरी' (१७२२) खटल्यात धुराडी साफ करणाऱ्या मुलाला सापडलेल्या दागिन्यातील खडे सोनाराने परत केले नाहीत. तेव्हा ते सर्वोत्तम प्रतीचे मानून भरपाई ठरविण्यात आली. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ नुसारही दडविलेला पुरावा दडविणाऱ्यास प्रतिकूल असल्याचे न्यायालयास गृहीत धरता येते. म्हणून अनुवादात केवळ 'लूट' हा प्रतिशब्द योजल्यास विधिदृष्ट्या अर्थहानी होते.