शब्दांची मुळं (भाग ७) : पिंपरीकर जिवाणू

पिंपरीत 'एचए' म्हटलं की काम भागतं. एचए कॉलनी, एचएचं मैदान. 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हे पूर्ण नाव उच्चारायचे कष्ट सहसा कुणी घेत नाही. या आठवड्याचा शब्द मात्र त्या पूर्ण नावातच आहे.

ही सरकारी कंपनी 1954 साली स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. इथे पेनिसिलिन बनू लागलं. टेल्को, बजाज यायच्या होत्या, चाकणला अजून कांद्याच्या बाजाराचाच बोलबाला होता. म्हणजे गाड्यांच्या या पट्ट्यात गाड्यांच्या आधी बुरशी वाढवायचा धंदा आला!

'अँटी' म्हणजे विरुद्ध आणि 'बायॉस' म्हणजे जीवन, दोन्ही ग्रीक. मराठीत आपण त्याचं 'प्रतिजैविक' केलं. हे भाषांतर वाटतं, पण अर्धंच आहे. 'बायॉस' आणि आपला 'जीव' हे एकाच जुन्या इंडो-युरोपीय धातूपासून निघालेले सख्खे भाऊ. व्हिटॅमिनमधला लॅटिन 'व्हिटा' हाही त्यांच्याच घरातला. बायोलॉजीची वही घेऊन घोकत बसलेलं पोर नकळत 'जीव जीव' करत असतं.

गंमत म्हणजे हा शब्द औषधांच्या दुकानात जन्मला नाही. 1879 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन दे बारी यांनी भिन्न जीवांच्या एकत्र राहण्याला 'सिंबायोसिस' म्हटलं. (पुण्यात या शब्दाने आधी कॉलेज आठवतं, त्याला इलाज नाही.) 'सिन' म्हणजे सह, म्हणून सहजीवन. दहा वर्षांनी, 1889 मध्ये, पॉल व्ह्यूमें या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच्या उलट्या नात्याला 'अँटिबायोसिस' असं नाव दिलं: एकाच्या जगण्याने दुसऱ्याचं मरण. म्हणजे शब्द मुळात परिसंस्थेतल्या शेजारपणाचा. गोळीपर्यंत तो नंतर पोचला.

हे शेजारपण बघायचं तर मातीसारखी जागा नाही. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू दाटीने राहतात, आणि जागेसाठी, अन्नासाठी एकमेकांवर रसायनं सोडतात. त्यातलं एक मोठं घराणं म्हणजे स्ट्रेप्टोमायसिस. 'स्ट्रेप्टॉस' म्हणजे पिळलेला, 'मायकेस' म्हणजे बुरशी. प्रत्यक्षात ही बुरशी नव्हे, जिवाणूच. पण धाग्यांसारखे वाढतात म्हणून सुरुवातीच्या शास्त्रज्ञांनी त्यांना बुरशीत बसवलं. चूक कळली तरी नाव राहिलं. या घराण्याची आणि आपली ओळख जुनी आहे. पहिल्या पावसाच्या मृद्गंधात ज्याचा मोठा वाटा, ते 'जिऑस्मिन' हेच जिवाणू बनवतात. 'गे' म्हणजे भूमी, 'ऑस्मे' म्हणजे वास. मृद्गंधच की!

आता मुद्द्याचं. एचएमध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतले असे जिवाणू तपासत होते. त्यांतल्या एका जातीचं नाव ठेवलं गेलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. होय, आपली पिंपरीच. शास्त्रीय नावाची रीत शाळेच्या हजेरीपटासारखी असते, आधी आडनाव, मग नाव. इथे मात्र दुसरा शब्दच आपल्या आडनावांतल्या 'कर'चं काम करतो. वडाचं शास्त्रीय नाव 'फायकस बेंगालेन्सिस', म्हणजे वड बंगालकर. आणि हा जिवाणू पिंपरीकर.

या पिंपरीकराकडून 1961 मध्ये 'हॅमायसिन' हाती आलं. सुरुवातीचा 'एचए' कंपनीचा, पुढचं 'मायसिन' स्ट्रेप्टोमायसिसमधलं. हे औषध बुरशीवरचं. बुरशीच्या पेशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, त्याला ते चिकटतं आणि पटलाला गळती लागते. नावात बुरशी असलेल्या, पण बुरशी नसलेल्या जिवाणूने बुरशीवरचं औषध द्यावं, हा योग झकासच. त्याच जिवाणूपासून मिळालेल्या आणखी एका रसायनाचं नाव आहे 'पिंप्रिनीन'. गावाच्या नावाचं रेल्वे स्टेशन असतं, पेठ असते. पिंपरीच्या नावाचा रेणूही आहे. माझ्या मते या शहराच्या मिरवण्याच्या गोष्टींत हा रेणू फार वरचा.

घरच्या औषधांच्या डब्यात 'मायसिन'ने संपणारी नावं शोधून ठेवा. पुढच्या आठवड्यात पवनेच्या काठी जाऊ, जलपर्णीकडे. तिच्या लॅटिन नावातला 'क्रॅसिपेस' म्हणजे 'जाड पायाची'; आणि त्यातला 'पेस' हा आपल्या 'पाय'चा नातेवाईक आहे.