रोल तर गेला, पण फोटो कुठे आहेत?

छत्तीस! एका रोलमध्ये फोटो यायचे छत्तीस, आणि त्यात अख्खं लग्न बसवायचं. हळद, मांडव, सप्तपदी, वरात, सगळं! म्हणून फोटो काढणाऱ्याला आधीच ताकीद असायची, ‘पंगतीतच रोल संपवू नका हो, पाठवणीला चार तरी ठेवा.’ आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसल्या की एखादाच फोटो निघायचा. तोही रोल संपेपर्यंत कॅमेऱ्यातच. मग कुणीतरी जळगावला नाहीतर धुळ्याला जाताना रोल धुवायला न्यायचं. पाकीट हातात पडेपर्यंत कुणाचे डोळे मिटलेत, कुणाचं डोकं कापलं गेलंय, काही म्हणजे काही कळायचं नाही.

डिजिटल कॅमेरा आला तेव्हा घरोघरी एकच प्रश्न होता, रोलची सर याला येईल का? त्याचं उत्तर आज आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक कृष्णधवल फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद! पण कोडॅकचं पोट रोलवर भरत होतं. कंपनीने रोलचाच हात धरून ठेवला आणि २०१२मध्ये तिच्यावर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. ‘इंदू’ नावाने फिल्म बनवणारा आपला उटीचा सरकारी कारखानाही बंद पडला. गंमत म्हणजे, रोलला घराबाहेर काढणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यालाही पुढे मोबाइलने बाहेर काढलं. रोल आजही मिळतो, पण तो हौशी लोकांपुरता.

यात आपला फायदा किती झाला, बघा. पूर्वी कॅमेरा कपाटात कुलपात असायचा. ‘तू हात लावू नकोस, रोल वाया जाईल,’ हे वाक्य किती जणींनी ऐकलंय! आता फोटो बिघडला तर पुसून दुसरा काढायचा. खापरावरच्या मांड्यांचा फोटो बहिणीला जातो, आणि बचत गटातली बाई पापड-कुरडयांचे फोटो पाठवून ऑर्डर घेते.

मग बिघडलं कुठे? रोल महाग होता, म्हणून फोटो जपला जायचा. आता हजारो फोटो आहेत आणि अल्बम एकही नाही. मोबाइल पाण्यात पडला, चोरीला गेला, की लेकराचं पहिलं पाऊलही गेलं!

कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) आपल्या चाळीसगावचे. आयुष्यातला बराचसा काळ त्यांनी घरातच काढला. टेबलावर छोट्या-छोट्या वस्तू मांडून ते असं दृश्य उभं करायचे, की फोटोत ते खरंच वाटावं. त्यांचं घर संग्रहालय म्हणून जपलं गेलं, म्हणून त्यांचं काम आज बघायला मिळतं.

टिपून आणि जपून ठेवलं तेच टिकतं, हे खान्देशाला वेगळं सांगायला नको. बहिणाबाईंच्या ओव्या घरच्यांनी उतरवून ठेवल्या, म्हणून त्या १९५१मध्ये गेल्यावर पुढच्याच वर्षी पुस्तक निघू शकलं. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात १९२७पासून जुनी कागदपत्रं जपली जाताहेत. मग आपल्या घरातल्या आजी-पणजींचे चेहरे आपण नको जपायला?

तेव्हा मैत्रिणींनो, एक दुपार काढाच.

जुन्या निगेटिव्ह भंगारात टाकू नका. त्यावरून आजही फोटो काढता येतो, आणि पिवळ्या पडलेल्या फोटोपेक्षा बरेचदा चांगला येतो. त्यांना रबरबँड लावू नका. अल्बम कूलरच्या ओलीपासून लांब, कोरड्या कपाटात ठेवा.

पानाला चिकटलेला फोटो नखाने ओढू नका. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, आहे तिथेच त्याचा मोबाइलवर फोटो घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो हलका होतो, त्यातला बारकावा जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. महत्त्वाचे फोटो मोबाइलशिवाय आणखी एका ठिकाणी, पेनड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवा. वर्षाकाठी निवडक छत्तीस फोटो तरी कागदावर काढून घ्या.

आणि सगळ्यात मोठं काम! घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. पुरुषांची नावं निघतात. बायका मात्र ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची सून’ एवढ्यावरच राहतात. त्यांचं माहेरचं नावही लिहा. कानबाईच्या रोटांना सगळं भाऊबंद एकत्र येतं, तेव्हा अल्बम मध्ये ठेवा आणि म्हाताऱ्या आत्यांना बोलतं करा. फोटोतली ती डोक्यावर पदर घेतलेली बाई कोण, हे सांगणारं माणूस एकदा गेलं की कितीही महागडा कॅमेरा ते सांगू शकणार नाही.