चाकूचे पाते

गेल्या आठवड्यात आमचा एक सतारीचा विद्यार्थी डाव्या तर्जनीला पट्टी बांधून शिकवणीला आला. पडद्यावर तार दाबायची ती याच बोटाने; तेव्हा आता काही दिवस मींड बंद! विचारले तर म्हणाला, "गुरुजी, सुतळी कापत होतो. चाकू बोथट होता." मी चाकू मागून पाहिला. धार उत्तम होती. चुकले होते ते पाते.

त्या पात्याची पाठ पुढे कापून टोक सुईसारखे केलेले होते. बोटात रुतलेले कुसळ काढायला किंवा बटाट्याचा डोळा कोरायला असे टोक नामी. पण सुतळीखाली घालून जोराने वर ओढले, की सुतळी तुटताक्षणी ते मोकळे सुटते आणि समोर जे असेल त्यात शिरते.

सुतळीला हवे सरळ धारेचे पाते. त्याची पाठ शेवटी खाली वाकून धारेला मिळते, टोक असे जवळजवळ नसतेच. इंग्रज कारागीर त्याला मेंढीच्या पायाची उपमा देतात. पाटावर ठेवले की सबंध धार टेकते. पेटीच्या भात्यासाठी चामड्याची पट्टी कापायची तर मी हेच पाते घेतो. रेघ रेसभर हलत नाही.

वडील चिजा बोरूने उतरून घेत. बोरूचा कत कापायला त्यांचा आखूड पात्याचा चाकू निराळा असे, आणि त्याला कोणी फळे चिरायला हात लावला की घरात रागदारी सुरू होई! इंग्रजीतले 'पेननाइफ' हे नावही पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडले आहे.

पेरूच्या फोडींना पोट सुटलेली, गोलवट धार बरी. ती फळातून सरकत जाते. माळ्याचे पाते याच्या उलट, कोयत्यासारखे आत वळलेले. देठ त्या वाकात सापडला की निसटत नाही.

भोक मात्र मिटत्या चाकूने पाडू नये. बहुतेकांत पाते नुसत्या कमानीच्या जोरावर उभे असते. टोकावर भार आला की उलटून बोटांवरच मिटते. त्यासाठी घरात दाभण असतो.

त्या मुलाला सध्या मी उजव्या हाताचे बोल घटवायला लावले आहेत. चाकू माझ्या पेटीत आहे. बोट भरून आल्यावर मिळेल.