डायकॉम बदलताना काय सांभाळायचं?

एमआरआय सेंटरमधून मिळालेली सीडी घरच्या संगणकात टाकली की बरेच जण गोंधळतात. आत शेकडो फाइली, त्यांना धड एक्स्टेंशन नाही, आणि फोटो पाहायच्या प्रोग्रॅममध्ये एकही उघडत नाही. या असतात डायकॉम फाइली. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांच्या प्रतिमा वाचता याव्यात म्हणून अमेरिकेत रेडिओलॉजिस्ट आणि यंत्रनिर्माते यांच्या संघटनांनी १९८५ साली एक मानक काढलं. १९९३ साली त्याला डायकॉम हे नाव मिळालं.

या फाइलीत प्रतिमेइतकंच मोल सोबतच्या नोंदींना आहे. रुग्णाचं नाव, जन्मतारीख, कापाची जाडी, रुग्ण यंत्रात कसा झोपला होता, सगळं त्यात असतं. म्हणून तिची जेपीजी करून व्हॉट्सॲपवर डॉक्टरांना पाठवणं मला अजिबात पटत नाही. सीटी स्कॅनच्या मापात पाणी शून्य, हवा उणे १०००, आणि घट्ट हाड अधिक १०००च्याही पुढे जातं. जेपीजीकडे करड्या रंगाच्या छटा अवघ्या २५६. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर सीडी आहे तशीच न्यावी.

संशोधकांची गरज वेगळी. मेंदूच्या अभ्यासात सुटे काप जोडून एकसंध त्रिमितीय प्रतिमा लागते, आणि ती निफ्टी नावाच्या प्रकारात साठवतात. या रूपांतरासाठी जगभर वापरला जाणारा प्रोग्रॅम म्हणजे डीसीएमटूएनआयआयएक्स. साउथ कॅरोलिना विद्यापीठातले ख्रिस रॉर्डन यांनी तो लिहिला. तो मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. विंडोजवर गिटहबवरची झिप उतरवून उलगडली की काम झालं. मॅकवर होमब्रूने, उबंटूवर ॲप्टने तो एका ओळीत बसतो. कमांड टाइप करायची धास्ती वाटत असेल, तर रॉर्डन यांचंच एमआरआयक्रोजीएल घ्यावं. त्यात मेनूमधून फोल्डर दाखवलं की रूपांतर होतं. निफ्टीच्या जोडीला जेसन फाइलही मागून घ्यावी. स्कॅनच्या वेळा, यंत्राची सेटिंग्ज निफ्टीच्या ३४८ बाइटांच्या हेडरमध्ये मावत नाहीत, ती तिथे उतरतात.

खरी काळजी डाव्या-उजव्याची. डायकॉममध्ये आडवा अक्ष रुग्णाच्या डावीकडे वाढतो, निफ्टीत उजवीकडे. प्रोग्रॅम हा बदल नीट सांभाळतो, पण पुढच्या टप्प्यावर एखाद्या सॉफ्टवेअरने हेडर दुर्लक्षिलं, तर उजवीकडची गाठ डावीकडे दिसू शकते आणि पाहणाऱ्याला शंकाही येत नाही, कारण मेंदूच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या. यावर काही प्रयोगशाळांचा उपाय मला फार आवडतो. स्कॅनच्या आधी ठरलेल्या एका कानशिलावर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतात. तिच्यातलं तेल एमआरआयमध्ये ठळक पांढरं उमटतं, आणि ती बाजू कोणती याचा पुरावा प्रतिमेतच राहतो.

नावाच्या बाबतीतही गाफील राहू नये. जेसन फाइलमधून रुग्णाची ओळख हा प्रोग्रॅम आपणहून वगळतो, पण नव्या फाइलीच्या नावात मूळ फोल्डरचं नाव घालतो. फोल्डरला रुग्णाचं नाव दिलेलं असेल, तर ते तसंच बाहेर जातं. शिवाय डोक्याच्या एमआरआयमधून नाक, ओठ, कपाळ यांसह चेहरा पुन्हा उभा करता येतो. त्यामुळे डेटा इतरांना देण्याआधी पायडिफेससारख्या साधनाने चेहऱ्याचा भाग काढावा. मूळ डायकॉम मात्र कुलुपात जपून ठेवावेत. निफ्टीवरून ते जसेच्या तसे परत मिळत नाहीत.